झिजलेली माशी

गाला, मस्कत
५ सप्टेंबर २०१४

ती. स्व. शांतारामकाकांना, उत्तमचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला दुकानात ओरडता येत नाही, म्हणून पुन्हा कागद. मी खुशाल आहे, पण डोकं ठिकाणावर नाही. कारण आमचे मालक, अर्बाब सालेम. नोव्हेंबरात ते आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला निघालेत, वयाच्या सत्तरीत! रायफल ठरली, गोळ्या ठरल्या, रायफलवरच्या दुर्बिणीची कंपनीही ठरली. अडलंय कुठं, तर दुर्बिणीच्या काचेतल्या फुलीवर. नेम धरायची ती फुली. इथे तिला रेटिकल म्हणतात.

पहिली बारीक तारेची दिली, ती दिसेना म्हणाले. मग कडेला जाड आणि मध्ये बारीक अशी दिली, बहुतेक शिकारी वापरतात ती. तिची रेघ कंपनीनं फिकी काढलीय म्हणाले. मग कुणा पाहुण्याचं ऐकून झाडासारखी, खाली आडव्या खुणाच खुणा असलेली मागवली. मी म्हटलं, अर्बाब, ही लांबच्या नेमाची. रेडा झुडपातून अंगावर आला की खुणा मोजत बसणार का? तर यल्ला यल्ला, आटप आटप, करून मलाच गप्प केलं. दर वेळी एक दुर्बीण काढायची, दुसरी बसवायची, इब्राला त्यांच्या घरामागच्या कोरड्या नदीपात्रात नेम जुळवायला जायचं आणि परतताना कंपनीला घातलेल्या शिव्या ऐकायच्या. परवा चिडून मी खोकं आपटलं, मग दिवसभर मलाच वाईट वाटलं.

जखमी रेडा पळत नाही म्हणतात, माणसावर उलटतो. नेम चुकला तर हा माणूस परत यायचा नाही, काका. इतकी वर्षं त्यांचं मीठ खातोय. तुम्ही जन्मभर रानडुकरं मारलीत, तुम्हीच सांगा कुठली फुली द्यावी. काकींना नमस्कार. चिडक्या पुतण्यावरचा लोभ कमी करू नये.

आपला,
उत्तम

लांजा
१८ सप्टेंबर २०१४

चि. उत्तमला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दुर्बिणीतून शिकार करणाऱ्याला मी शिकारी म्हणत नाही, तरी तू विचारलंस म्हणून सांगतो. ही फुलीबिलीची थेरं हवीत कशाला? बंदुकीच्या नळीच्या टोकाला लोखंडी मणी असतो, आपली माशी. नेमाला तेवढी पुरते.

पण हल्ली माझीही माशी दगा देतेय. झिजलीय मेली. तिन्हीसांजेला बांधावर बसलं की दिसतच नाही. तुला आपली रीत ठाऊक आहे, पानाच्या डबीतला चुना बोटावर घेऊन माशीला लावायचा, म्हणजे अंधारात पांढरी उठून दिसते. गेल्या वर्षी राईएवढा पुरायचा. यंदा वाटाण्याएवढा लावतो, तरी कुठं गेली ते कळत नाही. लोहाराकडे नेली तर तो म्हणतो, माशी शाबूत आहे. लोहारही आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. तुझी काकी कुरकुरते, की पानाला चुना उरत नाही.

डुकरांनी खालच्या मळ्यातला भात पार लोळवलाय. पीकसंरक्षणाची बंदूक वाडीत माझ्याकडेच, त्यामुळे दसरा झाला की हाका घालायचं ठरलंय. वाडीतला कासम आणि त्याचे भाऊ नेहमीसारखे समोरून रान उठवत येतील, मी रानाच्या तोंडावर बंदूक घेऊन बसेन. तुझ्या अर्बाबाला सांग, जाड रेघ घे आणि बाकीचं सोड. आणि तू खोकी आपटू नकोस, त्यात मालाचा काय दोष? जिवाला जप.

तुझा,
शांतारामकाका

गाला, मस्कत
२९ सप्टेंबर २०१४

ती. स्व. काकांना, शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र जेवताना वाचलं आणि घास हातातच राहिला. काका, लोखंडाची माशी चुना लावून झिजत नाही. आणि कंपनीची रेघ खोक्यात पडून फिकी होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्बाबांनी नाकारलेलीच दुर्बीण वेगळ्या खोक्यात घालून पुढं केली. त्यांनी एक डोळा लावला, मग मान वळवून दुसरा लावला आणि म्हणाले, ही बरी, कालच्यापेक्षा हिची रेघ ठळक आहे. मला हसू येईना. मालकाला तुम्हाला दिसत नाही असं कोणत्या तोंडानं सांगायचं? शेवटी तुमचीच हकीकत सांगितली. चुना, लोहार, काकींचं पान, सगळं. ते पोट धरून हसले, कहवा प्यायले, पुन्हा हसले. मग एकदम थांबले. काकांचं वय काय, म्हणाले. मी म्हटलं, तुमच्याच बरोबरीचे. रिकामा पेला हातात फिरवत बसले. मग विचारलं, हे त्यांना सांगितलंस का? मी नाही म्हटलं, तर भडकले. मला सांगायला काकांना पुढं केलंस, आता काकांना सांगायला मला पुढं कर, म्हणाले.

म्हणून करतोय. काल त्यांना अल खौदला डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. यंदा आफ्रिका खलास, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. परतल्यावर गाडीतून उतरताना एवढंच म्हणाले, की कंपनीची रेघ चांगली होती.

मला तुमचाही राग आलाय, काका. अर्बाबांच्या समोर रेडा येणार होता. तुमच्या समोरून कासम येणार आहे. माझ्या खोलीवरचा सिराज उद्या रत्नागिरीला निघतोय, त्याच्या हातून हे पत्र हाक्याआधी पोचेल. बंदूक ठेवून द्या. रागावलात तरी चालेल, पण एवढं माझं ऐका.

आपला,
उत्तम

लांजा
७ ऑक्टोबर २०१४

चि. उत्तमला, राग गिळून, आशीर्वाद.

सिराज आला, खजूर पोचले. तुझं अक्षर बारीक, म्हणून पत्र काकीनं वाचून दाखवलं. चुन्याचा भाग तिनं दोनदा वाचला. चुलत्याच्या फजितीवर परमुलखात कहवा पिताहेत, ऐकून धन्य झालो. तिन्हीसांजेला सगळ्यांनाच कमी दिसतं, त्यात एवढं डॉक्टर करण्यासारखं काय आहे?

संध्याकाळी कासम आला, त्याला तुझा शहाणपणा सांगितला. वाटलं, तोही हसेल. तर म्हणाला, शांतारामभाऊ, गेल्या वर्षापासून आम्ही भाऊ हाक्याला डोक्याला लाल फडकी बांधून येतो. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून आम्हीही बोललो नाही.

लाल फडकी मी पाहिलीच नव्हती रे.

बंदूक पेटीत ठेवली आणि किल्ली कासमकडे दिली. यंदा डबे बडवून डुकरं हाकलू, भात जाईल तेवढा जाईल. काकी खूश आहे, तिचा चुना वाचला.

तुझ्या अर्बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांचं झालं की त्यांना एक विचार, पण मी विचारलंय असं म्हणू नकोस. ऑपरेशनला दुखतं का?

तुझा,
शांतारामकाका