बाबांचा एक

ता. ३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

संध्याकाळच्या गणिताच्या वर्गाचा माझा अर्ज परत आला. शाळेचा दाखला नसेल त्याने एखादी सात आकडी मूळ संख्या शोधायची आणि ती मूळ असल्याचं दाखवायचं, अशी मास्तरांची अट. मी १०००००३ घेतली. हजाराचा वर्ग दहा लाख, म्हणून हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं. शिलाईतून वेळ काढून शर्टांच्या कागदी कटिंगच्या पाठीवर तीन आठवडे भागाकार केले. बया कुणाला दाद देत नाही! सतराने भागा, बारा उरतात. एकोणसाठने, बारा. शेवटी नऊशे सत्त्याण्णवने, तरी बाराच.

आणि मास्तरांनी लाल शाईने काय लिहावं? अंकांची बेरीज बारा, तीनने भाग जातो, तिसरीतल्या पोरालाही कळेल. अरे, बेरीज चार होते! पुढची पानं उलटलीसुद्धा नाहीत. मी गप्प बसणार नाही, सांगून ठेवते.

लोभ आहेच, रागाच्या भरातही.
तुझी धाकटी

ता. ९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आधी हसलो, मग चष्मा पुसला. अगं, मीसुद्धा पहिल्यांदा नव्वद लाख तीन वाचलं. नऊ आणि तीन बारा. तुझा एक बाबांच्या वळणाचा, डोकं मोठं आणि शेपूट वळवलेलं. आठवतं ना, बाबा गोदामात पेट्यांवर नंबर रंगवायचे, तेव्हा एक नंबरची पेटी हमखास नऊच्या थप्पीत जायची. हमाल बोटं मोडायचे, पण बाबांनी एक काही बदलला नाही.

तू बदल बाई. शाळेतल्यासारखा सरळ एक काढ आणि नवा अर्ज दे. तुझी वहिनी म्हणते, एक्केचाळिसाव्या वर्षी वर्गात बसून काय दिवे लावणार. तिचं मनावर घेऊ नकोस. मी लेथवरून निवृत्त होईपर्यंत तू मास्तरीण झालेली मला बघायचीय.

तुझा दादा

ता. २० जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एक बदलला नाही. तेच कागद पुन्हा नेले आणि संख्येखाली अक्षरात लिहिलं, दहा लाख तीन. मास्तर म्हणाले की अंक धड काढता येत नाही आणि गणित शिकायचंय. मी म्हटलं की दुसरं पान उलटलं असतं, तर अंक आपोआप वाचता आला असता. ते चिडले आणि स्वतःच भागायला बसले. सतरा, एकोणसाठ, नऊशे सत्त्याण्णव. प्रत्येक वेळी बारा उरले. तुमचेच बारा वाजले, असं अगदी ओठांवर आलं होतं, पण जीभ आवरली. त्यांनी सगळी पानं वाचली आणि प्रवेशाचा फॉर्म पुढे सरकवला.

वयाच्या रकान्यात मी ४१ लिहिलं. त्यांनी एकोणपन्नास वाचलं आणि विचारलं की या वयात झेपेल का. मी चूक दुरुस्त केली नाही. म्हटलं, एकोणपन्नासाव्या वर्षीही झेपेल. सोमवारपासून पहिल्या बाकावर बसते आहे, वहिनीला मुद्दाम सांग.

लोभात बाकी ठेवू नये.
तुझी धाकटी