दार लोटून घ्या जी

आई, पुण्यात एका म्हाताऱ्या बाईंनी मला त्यांच्या घराचं दार ओढून घ्यायला सांगितलं, आणि मुठीला हात लावल्याबरोबर मला तू स्वयंपाकघरात पाठमोरी बसलेली दिसलीस. ही गोष्ट तीन महिन्यांपूर्वीची. तू जाऊन दहा वर्षं झाली. या दहा वर्षांत तुला लिहावं असं बऱ्याचदा मनात आलं, पण सांगण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडलं आहे. आम्हाला पुण्यात घर मिळालं. भाडं किती ते सांगत नाही, तो आकडा ऐकून तू पुन्हा मरशील. पण मिळालं कसं, ते तुला सांगायलाच हवं, कारण ते तुझ्यामुळं मिळालं.

बाबा गेल्यावर तू चिखलीच्या घराची पुढची खोली भाड्यानं द्यायला काढलीस. मी तेव्हा बारावी नापास होऊन घरी बसलो होतो, म्हणून तुझी भाडेकरू निवडायची तऱ्हा मला जवळून पाहायला मिळाली. त्या खोलीला पत्र्याचं दार होतं. बिजागरी ढिली होऊन ते खाली उतरलं होतं आणि उंबऱ्याच्या दगडाला अडकायचं. जरा उचलून लोटलं तर गुमान लागायचं, नुसतं ओढलं तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं किंचाळायचं. खोली पाहायला माणूस आला की तू त्याला बसवायचीस, पाणी आणते म्हणून आत जायचीस आणि आतूनच सांगायचीस, "ते दार लोटून घ्या जी जरा, कुत्रं येते." कुत्रं कधीच येत नव्हतं. तू स्टोव्हकडे तोंड करून, हातात रिकामा तांब्या धरून नुसती ऐकत असायचीस. दार लागल्यावरच तांब्या भरायचीस, आणि त्या भरलेल्या तांब्याबरोबर निकालही बाहेर यायचा. बँकेत नोकरीला असलेला, परीटघडीचा सदरा घातलेला तो माणूस आठवतो? त्यानं दार ओढलं, अडकलं, पुन्हा ओढलं, आणि शेवटी लाथ घातली. तू पाणी दिलंस आणि गोड आवाजात म्हणालीस, "खोली कालच गेली जी." तो गेल्यावर मी तुझ्याशी भांडलो. "काऊन वं आई? बँकेतला माणूस होता, महिन्याच्या महिन्याले भाडं आलं असतं!" तू म्हणालीस, "परक्याच्या दाराले पहिल्याच दिवशी लाथ मारते, तो राह्यले आल्यावर काय करन? तोंड पाहून माणूस फसते बाबू. मी तोंड पाहतच नाई."

मग तो जीपवाला आला. चिखली ते उंद्री काळी-पिवळी चालवणारा, हाताला ग्रीस, पायात तुटकी चप्पल. मला वाटलं, याला तू उंबऱ्यावरूनच परत धाडशील. तू आतून तुझं ते कुत्र्याचं वाक्य टाकलंस. दार एकदा खरखरलं, आणि मग काहीच आवाज नाही. मी डोकावून पाहिलं तर गडी खाली बसून बिजागरीकडे पाहत होता. मग उठला, दोन बोटांनी दार उचललं आणि बाळाच्या पाळण्याला हात लावावा तसं लावून घेतलं. "बाई, बिजागरी ढिली हाये. उद्या पेचकस घिऊन येतो, दोन मिंटाचं काम हाये." तू पाणी घेऊन बाहेर आलीस. "खोली तुमची. पण दाराले हात लावाचा नाई." तो गोंधळला. "काऊन जी?" "ते तसंच राहू द्या. मले त्याचं काम पडते." तो चार वर्षं राहिला आणि चार वर्षं रोज ते दार उचलून लावत राहिला. बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही की तू ते का दुरुस्त करू देत नाहीस.

शेजारच्या काकू, ज्यांचे यजमान तहसीलमध्ये बाबू होते, दुसऱ्याच दिवशी हजर झाल्या. "डायवरले खोली देल्ली म्हणे? घरात तरणा पोरगा हाये वं, दारू शिकन." तू तूर निवडत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "शिकन तं गाडी शिकन. घरी बसून तसाही काय शिकून राह्यला?" तुझा हा टोमणा मला त्या वेळी फार लागला. पण झालं तसंच. त्या माणसानं मला उंद्रीच्या रस्त्यावर गाडी शिकवली. त्याचं एकच सांगणं होतं, हात-पाय नंतर, आधी इंजिन काय म्हणते ते ऐक. ऐकणं म्हणजे काय ते मला तुम्ही दोघांनी शिकवलं. तू स्टोव्हजवळ, त्यानं जीपमध्ये.

आणि ऐकलेलं पोटात ठेवणं फक्त तू. त्याच्या खोलीच्या आणि आपल्या स्वयंपाकघराच्या मधली भिंत एका विटेची, त्याचा खोकलासुद्धा आपल्या ताटात पडायचा. एका दुपारी तो आत रडतो आहे. मोठा, दांडगा माणूस, तोंडात टॉवेल कोंबल्यासारखा रडतो आहे, आणि आपण दोघं भिंतीच्या अलीकडे भाकर मोडून तसेच बसलो आहोत. मी न राहवून म्हणालो, "आई, जाऊन विचारू काय?" तू माझ्याकडे असं पाहिलंस की घास खाली उतरेना. "आपण खोली भाड्यानं देल्ली. त्याचं रडणं नाई घेतलं भाड्यात. कानावर पडलं, तं कानातच राहू दे." मग तू उठलीस, दोन भाकरी जास्त टाकल्यास, ठेच्याबरोबर झाकून त्याच्या खोलीबाहेर ठेवल्यास आणि हाक न मारता परत आलीस. काकूंनी नंतर खोदून खोदून विचारलं. तू म्हणालीस, "मले काय माहीत माय." तो का रडला होता, ते मला आजही माहीत नाही.

पुण्यात मी आधी कंपन्यांच्या पोरांना कामावर नेण्या-आणण्याची गाडी चालवली, दुसऱ्याची. मग स्वतःची घेतली आणि मोबाइलवर बोलावतात त्या टॅक्सीच्या धंद्यात लावली. आता दोन गाड्या आहेत, एकीवर आपल्याकडच्या सुलतानपूरचा पोरगा आहे. इथंही एक चिखली आहे आणि एक उंड्री आहे. पहिल्यांदा उंड्रीचं भाडं लागलं तेव्हा मी एकटाच हसलो, मागची बाई घाबरली. मागं बसणारी माणसं अशी बोलतात की जणू गाडी आपोआप चालते आहे. घटस्फोट, आजार, वाटण्या, सगळं माझ्या मानेमागं. मी कानातलं कानात ठेवतो. तुझ्या त्या एका विटेच्या भिंतीचीच माझी नोकरी आहे म्हण.

पण राहायला मी पाच जणांबरोबर एका खोलीत होतो. तुला मात्र फोनवर दोन खोल्या सांगितल्या होत्या, बाल्कनी सांगितली होती. तू म्हणायचीस, "येते ना रे मी दोन दिवस, पाहू तरी दे तुहं घर." मी पाण्याचा त्रास सांगायचो, जिना सांगायचो. एकदा तू मधेच विचारलंस, "तुह्या खोलीत कोण खोकलून राह्यलं रे?" मी म्हणालो, टीव्ही आहे. "टीव्हीले दमा झाला काय?" मग म्हणालीस, "बरं. जेवला काय?" त्यानंतर तू घर पाहायचं नाव कधीच काढलं नाहीस. मी कितीतरी वर्षं समजत होतो की मी तुला बरोबर गंडवलं.

या वर्षी तुझ्या सुनेनं चिखलीहून निर्वाणीचं सांगितलं. "पोरगी तुम्हाले मोबाइलमध्येच वळखते. आता आठवीत जाईन. या जूनले घर नाई केलं, तं मंग करूच नका." पोरीला इथल्या शाळेत जागा मिळाली होती, घर नव्हतं. पैसे द्यायला मी तयार होतो, पण फोनवर "काय करता आपण?" आणि "टॅक्सी चालवतो" यांच्यानंतर एक पोकळी यायची. किती लांबीची पोकळी म्हणजे नकार, हे मला दहा-बारा घरांनंतर अचूक कळायला लागलं. कोणी म्हणायचं, सोसायटीचा नियम आहे. कोणी म्हणायचं, खोली कालच गेली. हे वाक्य ऐकलं तेव्हा मला हसू आलं. आपल्या घरचंच होतं ते. एजंट म्हणाला, "ड्रायव्हर म्हणू नका हो. ट्रान्सपोर्टचा व्यवसाय म्हणा, खोटंही नाही त्यात." मे संपत आला होता.

अशात एके सकाळी त्या बाई माझ्या गाडीत बसल्या. लेकीशी फोनवर बोलत होत्या. वरचा फ्लॅट रिकामा झाला, गेटवर पाटी लावली आहे. आणि मग हळू आवाजात: "मागच्या महिन्यात बाथरूममध्ये पडले गं. दीड तास तशीच होते. हाका मारल्या, पण वरच्यांनी टीव्ही लावला होता. कोणाला बोलू नकोस. तुझ्या नवऱ्याला कळलं तर तो उद्याच घर विकायला काढेल." मी त्यांना तीन मजली जुन्या इमारतीपाशी सोडलं. पाटी होतीच. पण खरं सांगतो आई, दुसऱ्या दिवशी मी तिथं गेलो तो पाटी वाचून नाही.

त्यांनी मला ओळखलं नाही. आदल्या दिवशी त्यांना माझी फक्त मान दिसली असणार. "कुठले?" "बुलढाणा जिल्हा. चिखली." "अच्छा, तरीच." हे 'तरीच' मला बारा वर्षं पाठ आहे. "काय करता?" एजंटचं वाक्य ओठांवर आलं होतं, पण म्हणालो, "टॅक्सी चालवतो." त्या म्हणाल्या, "राग मानू नका, पण ड्रायव्हर म्हणजे वेळी-अवेळी येणं-जाणं, जिन्यात पाय आपटणं. मला शांत माणसं हवीत." आणि तेव्हा, आई, माझ्या हातात हुकमाचा पत्ता होता. नुसतं एवढं म्हणायचं होतं, काकू, शांत माणसं ठेवाल, पण तुम्ही पडलात तर ऐकणारं कोणी हवं की नको? घर त्याच मिनिटाला माझं झालं असतं. पोरीची शाळा, बायकोचा जून, सगळं जिभेच्या टोकावर. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि मला तुझी ती नजर दिसली, ज्या नजरेनं माझा घास अडकला होता. मी म्हणालो, "बरं काकू. येतो." त्या म्हणाल्या, "कळवते. जाताना तेवढं दार ओढून घ्या."

दार लाकडी, जुनं, खाली उतरलेलं. एका बाजूनं फरशी घासून अर्धा गोल उमटलेला. मी ते उचललं, लोटलं, लावलं आणि जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलो. दार धाडकन उघडलं. "अहो! दार ओढून घ्या म्हटलं ना मी? उघडं टाकून काय जाता!" मी म्हणालो, "लावलं होतं काकू. आत्ता तुम्हीच उघडलं." त्या दाराकडे बघत राहिल्या. "आवाज कसा नाही आला मग? हे दार कधी न वाजता लागत नाही." मी वर गेलो, दाखवलं. त्यांनी दोनदा करून पाहिलं, तिसऱ्यांदा जमलं तेव्हा पोरीसारख्या हसल्या. "कोणी शिकवलं?" "आईनं. आमच्याकडं असंच दार होतं." "मग दुरुस्त नाही का केलंत?" मी म्हणालो, "आईला तसंच लागायचं." त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली. "वरचंही असंच आहे. चला, तेही बघा." कठडा धरून, एकेक पायरी जपून, त्या पुढं चढत होत्या. मी एक पायरी मागं, हात मोकळे ठेवून.

जूनमध्ये आम्ही तिघं राहायला आलो. मी पोरीला सांगितलं, रोज सकाळी शाळेत जाताना खालचा पेपर उचलून आजींच्या हातात दे, दाराला अडकवू नको, हातात दे. तुझी सून म्हणाली, "काऊन? त्यायले पाय नाईत काय?" मी म्हणालो, "दे म्हटलं ना." तिनं माझ्याकडे पाहिलं, पण विचारलं नाही. तुझ्या हाताखाली चार वर्षं राहिली आहे ती.

घराला बाल्कनी आहे. छोटी आहे, पण आहे. तिथंच बसून लिहितो आहे. लिहून झालं की हे गाडीच्या कप्प्यात राहील, विम्याच्या कागदांखाली. एक गोष्ट तेवढी राहिली. तुझ्या तेराव्याला चिखलीच्या घरी पाहुणे येत-जात होते आणि दर वेळी दार किंचाळत होतं. कोणीतरी हसून म्हणालं, "पुण्याची कमाई हाये, एक दार नीट होत नाई?" मला लाज वाटली. पाहुणे गेल्याबरोबर मी नव्या बिजागऱ्या आणून बसवल्या. दोन मिनिटांचंच काम होतं. तेव्हापासून ते दार कोणाच्याही हातानं सारखंच लागतं. तोंड पाहून मी दोन भाडेकरू ठेवले, त्यातला एक जाताना पंखा काढून घेऊन गेला. या दिवाळीला घरी गेलो की वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू थोडे ढिले करून यायचं मी ठरवलं आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.