सावलीचं माप

प्रिय मेल्पो,

थेस्सलोनिकीतली नोकरी सोडून गावी राहायला येतेस, असं तू आजीला कळवलंस. मला ते तिच्याकडून समजलं, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

इथलं ठीक आहे. हिवाळ्यातल्या पुराने मधल्या पुलाच्या कमानीची एक बाजू नेली. गवंडी थोमास ती बांधतोय. आजीचा गुडघा आहे तसाच आहे, जीभही. मी खिडकीशी बसून रंगवते ते तेच, नदी आणि तीन दगडी पूल. खाणावळीत उन्हाळ्यात चित्रं खपतात. अ‍ॅक्रिलिक किती लवकर वाळतं ते तुला ठाऊक आहे. दगडाचा करडा कालवून ब्रश उचलेपर्यंत त्यावर साय धरते. तैलरंगांना निवांतपणा लागतो आणि या घरात मध्येच हाक येते. लहानपणी तू विचारायचीस, पुलावर माणूस का नाही? मी म्हणायचे, गेला असेल पलीकडे.

कॉलेज संपवून मी इथे एका उन्हाळ्यापुरती आले होते, पूल रंगवायला. तुझ्या बाबांशी लग्न झालं. मग सासरे आजारी पडले, मग तू झालीस, मग बाबा गेले, मग आजीचा गुडघा. प्रत्येक कारण खरं होतं. दार कुणीच लावलं नाही. पाणी संथ असलं की कमान आणि तिचं प्रतिबिंब मिळून पुरं वर्तुळ होतं. इतकी वर्षं मी तेच रंगवतेय, आतल्या बाजूने.

ईस्टरला तू नदीकाठी उन्हात उभी होतीस, तेव्हा आजी तुझ्यामागे, तुझ्या सावलीशी, लाल लोकर घेऊन वाकली होती. "स्वेटरचं माप घेतेय गं," म्हणाली. काल थोमास तो लाल धागा घेऊन दारात आला. "सूनबाई, म्हातारीने दिलाय. नव्या दगडाखाली घाल म्हणते. सावली कुणाची ते विचारल्याशिवाय मी घालत नाही." माझ्या मुलीची, मी म्हटलं. तो खाली बघत म्हणाला, "तुमची माझ्या बापाने घातली होती. त्याने विचारलं नव्हतं."

ज्याच्या सावलीचं माप पुलात जातं त्याला पूल सोडत नाही, असं इथे मानतात. मी शिकलेली बाई, मी असलं मानत नाही. तरी धागा मागून घेतला आणि आजीसमोर ठेवला. ती मसूर निवडत होती. "तुझी घातली म्हणून तर राहिलीस," म्हणाली. "नाहीतर मला पाणी कुणी दिलं असतं?" आणि या पोरीची कशाला, मी विचारलं. "माझ्यासाठी मागतेय होय? मी आज आहे, उद्या नाही. तू म्हातारी झालीस की तुला कोण देणार, खुळे?"

मला रागावता आलं नाही. "तुझी आई थकली," हेही तुला तिनेच सांगितलं असणार. थकले आहे, ते खोटं नाही. पण माझं पाणी मी घेईन. तू येऊ नकोस. ऑगस्टमध्ये पाहुणी म्हणून ये, आजीशी भांड आणि परत जा.

तुझीच आई,
पोलिक्सेनी

सकाळच्या बसचा ड्रायव्हर स्टेर्योस याच्या हाती दिलं: मधल्या पुलाचं चित्र, पुलावर एक बाई, पाठमोरी, पलीकडच्या टोकाशी. तुझ्या सावलीएवढा लाल लोकरीचा धागा, गाठ सोडलेला.