आम्ही सगळे वॉल्टरकडे गेलोय

ब्रॅकनशॉ, लँकेशर
९ ऑक्टोबर १९९६

चि. लिनेट हिस,
तुझ्या आजीचे, नॅनचे, अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. मी जिवंत आहे. हे पत्र पुरावा समज. मला अक्षर येत नाही, म्हणून लिहितायत आमच्या वर्गाच्या डिलिसबाई. बाई फार वाळल्यात, नुसत्या टोस्टवर जगतात. हे मी त्यांनाच लिहायला लावलंय. बघ, हात थांबला.

आधी तुझ्या भावाचं. गिरणी बंद पडली, दुसरीकडे काम मागायला गेला तर अर्ज वाचता येईना. मग बायकोही गेली. दोन हिवाळे डॅरिल पडदे ओढून बसला. गेल्या वर्षीपासून दर शुक्रवारी कॉलेजातल्या वाचनवर्गाला जातोय. एकटा जाईना, म्हणून मीही नाव घातलं. या वयात शाळा! माझ्या डोक्यात काही शिरत नाही, पण चहा बरा असतो. डॅरिलच्या डोक्यात मात्र शिरतंय. परवा बसवरची पाटी मोठ्यांदा वाचली आणि लाजून बुटांकडे बघत राहिला. शेजारी म्हातारा वॉल्टर पॉम्फ्रेट बसतो, जुना विणकर. तो डॅरिलला कोपरानं ढोसतो, म्हणतो, वाच रे, माझा चष्मा राहिला. चष्मा त्याच्या खिशात असतो.

आता वर्ग बंद करायचं चाललंय. अगं, ही कॉलेजची इमारत विणकरांनी पदरमोड करून बांधली. तुझे आजोबा माग थांबला की तेलकट हातांनी इथे रात्री शिकायला येत. पुढे ती नगरपालिकेची झाली. तीन वर्षांपूर्वी सरकारनं सांगितलं, कॉलेजांनो, स्वतःच्या पायांवर उभी राहा. तेव्हापासून प्रिन्सिपॉलच्या खोलीत गालिचा आला आणि आमच्या खोलीला गळती लागली. तू सरकारच्या शिक्षणखात्यातच बसतेस ना? मग दोन शब्द टाक. वर्ग गेला तर पोरगा पुन्हा पडद्याआड जाईल, आणि या खेपेला त्याला बाहेर ओढायला माझ्यात जोर नाही.

लोभ वाढव, जमलं तर वजनही.
तुझी नॅन


लंडन
१५ ऑक्टोबर १९९६

ती. नॅन हिस,
लिनेटचा शि. सा. न. वि. वि. बाईंनाही नमस्कार, हे वाचून दाखवणार त्याच.

दोन शब्द टाकण्याइतकी मी मोठी नाही गं. मी नियमांचे मसुदे लिहिते. पण हा नियम माझ्याच हातचा आहे, म्हणून नीट ऐक. पैसे वर्गाला मिळत नाहीत, बसलेल्या डोक्यांना मिळतात. एक नोव्हेंबरला देशभर मोजणी आहे. त्या दिवशी खोलीत जो दिसेल तोच विद्यार्थी. कागदावर तुम्ही आठ आहात. आठही खुर्च्या भरा. ताप असो, पाय मुरगळलेला असो, येऊन बसा. त्याच कॉलेजात रात्रीचं शिकून मी इथवर आले, हे मी विसरलेले नाही.

डॅरिलला माझं प्रेम. तुझ्या मायेची भुकेली,
लिनेट


ब्रॅकनशॉ
४ नोव्हेंबर १९९६

चि. लिनेट हिस,
आशीर्वाद. वि. वि. आपला वॉल्टर गेला. खुर्चीत बसल्या बसल्या, चष्मा खिशात. दफनाला पाद्रीबाबांना शुक्रवारशिवाय सवड नव्हती, आणि शुक्रवार म्हणजे तुझी एक तारीख.

तू सांगितलेलं आम्ही विसरलो नव्हतो. निम्म्यांनी खोलीत बसावं, असं बाईंनी सुचवलंही. कुणी तयार होईना. आपल्या गावात विणकर शेवटच्या वाटेला निघाला की माग थांबायचे, मालक कितीही ओरडो. तुझ्या आजोबांच्या मागे सगळी गिरणी चालत आली होती. वॉल्टरला ना बायको, ना पोर. त्याची गिरणी म्हणजे आमचा वर्ग. म्हणून सगळे गेलो, बाईंसकट.

मोजणाऱ्या माणसाची पंचाईत नको, म्हणून दाराला चिठ्ठी टाचली. ती डॅरिलनं लिहिली, लिनेट. कुणाला न विचारता. ‘आम्ही सगळे वॉल्टरकडे गेलोय. मोजायचं असेल तर चॅपलमध्ये या. आठातला एक पेटीत आहे.’ खाली स्वतःची सही. मग त्यानं पेटीला खांदा दिला. इतका ताठ मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता.

मोजणाऱ्यासाठी मागच्या बाकावर जागा धरली होती. तो आला नाही. पण चिठ्ठी वाचली असेलच, हो ना?

उत्तराची वाट बघत,
नॅन


लंडन
२० नोव्हेंबर १९९६

ती. नॅन,
सा. न. चिठ्ठी माझ्या टेबलावर आली. कॉलेजनं मोजणीतून सवलत मागणाऱ्या अर्जाला जोडून पाठवली होती: खोली रिकामी, कारण सोबत. माझ्या भावाचं अक्षर कसं दिसतं हे मला ठाऊकच नव्हतं. सही वाचली तेव्हा कळलं.

मी साहेबांकडे गेले. माझा भाऊ आहे, हेही सांगितलं. त्यांनी दोनदा वाचली. म्हणाले, भली माणसं दिसतात, पण खोली रिकामी होती ना? मी हो म्हटलं. सवलतीच्या कारणांत पूर आहे, आग आहे, बर्फ आहे. मयत नाही. यादी मीच केली होती, नॅन. मला ते सुचलंच नाही.

नकार लिहायचं काम माझ्याकडेच आलं. लिहिला. नाताळनंतर वर्ग भरणार नाही. डिलिसबाई, हे तुम्हालाच वाचून दाखवावं लागतंय. मला क्षमा करा. नॅन, डॅरिलला तू कसं सांगशील? मला हव्या तितक्या शिव्या घाल, पण गप्प बसू नकोस.

लिनेट


लिनेट,
नॅन बोलते. मी लिहितो. मी डॅरिल.

शाळा बंद झाली. बाई गेली. ती आता दूर गावी बिसकिटं भरते. लिहायला कोणी नाही. नॅन बोलली, तू लिही. मी नाही बोललो.

मी खूप दिवस पडून होतो. पडदा बंद होता. नॅन रोज आली. कागद पुढे ठेवला. रोज तोच कागद. आज उठलो.

नॅन रागावली नाही. ती विचारते, तू नीट जेवते का. ती आज कमी बोलते. ती मोठं बोलली की मला लिहिता येत नाही.

माझी चिठी तुझी जवळ असेल तर ठेव. फेकू नको. ती माझी पहिली.

तू लिही. मोठं लिही. हळू लिही. आता मलाच वाचावं लागेल.

नॅन अजून बोलते आहे. पण मी इथवरच शिकलो.