कोंबड्या दारातच थांबतात

५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही बरे आहोत असं लिहायला हवं, पण नाही. दोनशे कोंबड्यांतल्या अकरा गेल्या. विष्ठेत जंत दिसले म्हणून पाण्यातून औषध दिलं, सगळा भुसा बदलला. जंत पडले, तरी तुरे पांढरेच आणि अंडी निम्म्यावर. पिसं उलटून पाहिली, एक किडा नाही. डॉक्टर म्हणतात, पंधरवड्यात फरक पडला नाही तर शेड रिकामी करा. बाबांनंतर हाच एक व्याप हाती आहे. कशात म्हणून लक्ष लागत नाही.

संध्याकाळी कोंबड्या आत जायला तयार नाहीत, दारातच गर्दी करतात. एकेकीला उचलून आत टाकावं लागतं. आई मात्र दुपारभर आतच, कोंबड्यांना रात्री बसायला बाबांनी केलेल्या लाकडी दांड्यांना टेकून बसते. तिचे हात खाजवून लाल झालेत. विचारलं तर घामोळं म्हणते.

उशिरा कळवलं म्हणून रागावलीस तरी चालेल, पण उत्तर लवकर धाड.

तुझा,
गुंड्या

९ मार्च

चि. गुंड्यास अ. उ. आ.

शहाण्या, कोंबड्यांच्या पोटातले जंत आईच्या हाताला कसे चावतील? किडे अंगावर नाहीत, दांड्यांत आहेत. रात्री रक्त पितात, दिवसा फटीत दडतात. बाबा पांढरं फडकं दांड्याखालून फिरवायचे, आठवतं? तसंच कर. लाल डाग उमटले तर दांडे जाळावेच लागतील.

नव्या शेडला लोखंडी नळ्या बसवायच्या असं तू ठरवलं होतंस. बाबांच्या हातचं काहीतरी राहू दे, असा हट्ट मीच धरला. चूक माझी आहे. आईला हे तू सांगू नकोस, मी येऊन सांगेन.

जिवाला फार लावून घेऊ नकोस.

तुझी,
ताई

१६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फडकं लालभडक झालं. फटींत खसखशीएवढे किडे, थरच्या थर. उकळतं पाणी ओतलं, फवारा मारला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तरी जाळायला हात धजेना. तू येईपर्यंत थांबू म्हटलं, तेवढ्यात आणखी तीन गेल्या.

ते फडकं आईच्या हाती लागलं. मी काय काय सारवासारव केली, तिनं ऐकूनही घेतली नाही. सगळ्यात लांब दांडा स्वतः ओढत अंगणात नेला आणि म्हणाली, "त्यांनी हे कोंबड्यांसाठी केले होते, आपल्यासाठी नव्हे." काडीही तिनंच लावली. बाकीचे दांडे मी ओढत नेले, ताई.

भिंतींच्या फटी बुजवल्या, चुना दिला, नळ्या बसवल्या. आठ दिवसांनी पुन्हा फवारायचं आहे. मंगळवारपासून एकही मेली नाही. काल कोंबड्या आपणहून आत गेल्या, अगदी शेवटचीसुद्धा.

आई मात्र आता दारातच थांबते, आत येत नाही. तू ये.

तुझा,
गुंड्या