घिवलीचं नवं हवामानखातं

नाशिक,
१० मार्च १९६५

तीर्थरूप बाबांना मंजुळाचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. शाळेतल्या मुलींशी आता गट्टी जमली आहे. होळी तोंडावर आली तरी इथे अशी थंडी पडली आहे की फळ्यावर लिहिताना बोटं वळत नाहीत. आपल्या घिवलीलाही अजून दोन दिवस गारठा आणि उत्तरेचा वारा राहील, असं रेडिओ सांगतो. पहाटे होडीवर जाताना कानटोपी घालता ना? बोंबील सुकायला वेळ लागत असेल.

बळवंतदादाने लिहिलंय की पंचायतीच्या रेडिओवरचा हवामानाचा अंदाज आता प्रेमलावहिनी किनाऱ्यावर येऊन सांगतात, आणि तुम्ही सगळ्यांना म्हणता, "माझी सून म्हंजे हवामानखातंच हाय!"

चांगलं झालं. बाईने चारचौघांत बोलावं, हेच मी वर्गात शिकवते. पण ते काम माझं होतं, बाबा. इतकी वर्षं मी सांगत होते, मला तुम्ही कधी हवामानखातं म्हणाला नाहीत.

वहिनी, हे पत्र तुम्हीच वाचून दाखवत असाल. वरचं गाळलं असेल तर मागे जाऊन मोठ्याने वाचा. मग बाबा काय म्हणाले ते मला खरंखरं कळवा. काहीच बोलले नाहीत, तर तेही लिहा.

आईला नमस्कार.

तुमची लेक,
मंजुळा