मामांचं जाळं तुटत नाही

सूर, खाडीकाठ, उस्ताद मुहन्नाचा गलबतांचा कारखाना
(तारीख विचारू नका, जुम्मा कालच होऊन गेला)

आदरणीय खलफानमामा यांस,

भाचा सुलय्यम याचा सलाम. तब्येत कशी आहे, गुडघा कसा आहे, दुकान कसं आहे, आणि माझी आई, म्हणजे तुमची बहीण, माझ्या नावाने बोटं मोडते आहे की दमून थांबली? माझ्याकडची खबर विचाराल तर खबर काही नाही. पुन्हा विचाराल तर सगळं उत्तम, खबर काही नाही. तिसऱ्यांदा विचाराल तरी अल्लाच्या कृपेने खबर काहीच नाही. रीत झाली. आता खबर अशी की तुमच्या लग्नाचं काम बिघडलं आहे, आणि ते बिघडवण्यात माझा हात आहे असं काही लोक म्हणतील. तेव्हा कृपा करून बसून वाचा.

सुरुवातीपासून सांगतो. शेवट आधी सांगितला तर तुम्ही पुढचं वाचणार नाही. तुम्ही मला मत्रहच्या बाजारातून ट्रकवर बसवताना बजावलं होतं की सूरला उस्ताद मुहन्नाकडे जायचं, हलव्याचं मातीचं भांडं त्याच्या हातात द्यायचं, चार दिवस पाहुणा म्हणून राहायचं आणि त्याची विधवा बहीण रय्या पुन्हा लग्न करायला तयार होईल का याचा नुसता कानोसा घेऊन परत यायचं. मागणी घालायला मागाहून मोठी माणसं जातील, तू तोंड उघडू नकोस. मी मान हलवली होती. (हलव्याचं पुढे असं झालं की वाटेत ट्रकचं चाक बसलं, उन्हात सावली म्हणून ट्रकखालचीच, आणि ड्रायव्हर म्हणाला की हलवा उन्हाने खराब होतो. तो शिकलेला माणूस वाटला. भांडं मात्र मी शाबूत पोचवलं, आत खजूर भरून.) त्या ड्रायव्हरचा भाऊ झांझिबारला घड्याळं दुरुस्त करायचा, आणि एकदा त्याच्याकडे एक माणूस उलटं चालणारं घड्याळ घेऊन आला होता, पण ते राहू द्या, तुम्हाला लग्नाचं ऐकायचं असेल.

उस्तादने माझं चांगलं स्वागत केलं. बैठकीत सात-आठ माणसं होती, आणि त्यांत सुक्या मुशी माशांचा व्यापारी हमदान. माणूस वाईट नाही. फक्त तो यायच्या आधी त्याचा वास येतो आणि तो घरी गेला तरी वास बसून राहतो. पण उस्तादचा विनोद संपायच्या आधीच तो हसत होता, त्यावरून मी ओळखलं की याचीही नजर रय्यावर आहे. हे मी फक्त डोळे उघडे ठेवून शोधलं, याची नोंद घ्यावी.

तेवढ्यात माझ्या हातात कॉफीचा दुसरा प्याला आला. समोर दार उघडं होतं आणि बाहेर एक सुतार दोरीच्या कमानीने फळीला भोक पाडत होता. कमान पुढे ओढली की गिरमिट एकीकडे फिरतं, मागे ओढली की उलटं फिरतं. मला प्रश्न पडला की अर्धा वेळ ते उलटं फिरतंय तर भोक पडतंच कसं? मी नीट बघावं म्हणून पुढे वाकलो, आणि वाकताना कॉफी सांडू नये म्हणून भरलेला प्याला खाली ठेवला.

मामा, लहानपणी तुम्हीच मला शिकवलं होतं की परक्याच्या घरी भरला प्याला खाली ठेवायचा तो काही मागायचं असेल तेव्हाच, आणि यजमानाने "दिलं" म्हटल्याशिवाय उचलायचा नाही. मला ते पाठ आहे. पण त्या वेळी मी भोकात होतो.

बैठकीतले सगळे माझ्या प्याल्याकडे बघू लागले. उस्ताद म्हणाला, "पोरा, कॉफी निवतेय."

"निवू दे," मी म्हणालो.

हमदान शेजारच्याला म्हणाला, "पोरगं काहीतरी मोठं मागणार बघ. मत्रहची माणसं उगाच इतक्या लांब येत नाहीत."

मग मी खाली बघितलं आणि मला माझा प्याला दिसला. उस्ताद सरळ बसला, दाढीवरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पी बाळा. जे मागशील ते दिलं."

आता तुम्ही कपाळावर हात मारून म्हणाल की गाढवा, तेव्हाच रय्या मागायचीस. मीही नंतर बऱ्याचदा कपाळावर हात मारला आहे. पण तुम्हीच बजावलं होतं ना, की आतल्या बायकांशी बोलणं झाल्याशिवाय पुरुषांच्या बैठकीत तिचं नाव काढायचं नाही? वर हमदान डोळे वटारून बसलेला. म्हणून मी ठरवलं की काहीतरी लहान मागून मोकळं व्हावं. शेळी मागितली तर ती ट्रकमधून न्यायची कशी? चपला मागितल्या तर तुमची अब्रू जाते. घाईघाईत मी म्हणालो, "उस्ताद, मला तुमच्या हाताखाली काम द्या." मला वाटलं तो हसेल आणि विषय संपेल.

"दिलं," उस्ताद म्हणाला. "हे गलबत पाण्यात उतरेपर्यंत."

हमदानने सुटकेचा एवढा मोठा श्वास टाकला की पुढची कॉफी कोणाला प्यावीशी वाटली नाही.

तेव्हापासून, मामा, माझं अंग माझं राहिलेलं नाही. गलबत एका कतारी शेठचं आहे. तो ते धक्क्याला बांधून त्यात पाहुण्यांना जेवायला घालणार आहे. ते कुठेही जाणार नाही. तरी उस्ताद म्हणतो की जेवणावळ असली म्हणून काय झालं, पाणी आत येता कामा नये, आणि ते येऊ नये म्हणून मी दिवसभर फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकतो. फट संपते तिथे दुसरी फट सुरू होते. कापूस झाला की मुशीचं तेल फासायचं. आता हमदान जवळून गेला तरी मला कळत नाही, माझाच वास आहे असं वाटतं. रात्री झोपेतही माझा हात ठोकत असतो, असं शेजारी झोपणारे सांगतात, आणि ते प्रेमाने सांगत नाहीत. बरं, सोडून जावं तर मागणं माझंच. उस्तादला वाईट वाटेल ते वेगळंच, तो मला म्हणतो, "पोरा, तुझ्यासारखा कामाचा भुकेला मुलगा हल्ली मिळत नाही."

आता रय्याचं. ती राहते रास अल-हद्दला, नवऱ्याच्या घरात. नवरा तिचा या किनाऱ्यावर नावाजलेला. वादळात इतर लोक होड्या ओढून घेत तेव्हा हा होडी ढकलायचा. एका वादळात ढकलली ती परत आली, तो आला नाही. होडी आता दुसरे लोक वाट्याने चालवतात आणि मासळी घ्यायला रय्या रोज पहाटे किनाऱ्यावर असते. कामगारांच्या जेवणासाठी त्यातली थोडी आणायला उस्ताद मला पिकअपमध्ये घालून पाठवतो. म्हणजे अल्लाने मला तिच्यासमोर आणून उभं केलं होतं. अडचण एकच, तिला हाक काय मारायची? मामी म्हणायला अजून हक्क नाही. मावशी म्हटलं तर ती तुमची बहीण होते. म्हणून मी दोन-तीन खेपा नुसताच खोकलो, आणि तिने मला मध चाटायला दिला.

परवा उजाडताना गेलो तर ती वाळूत गुडघे टेकून बसली होती. अंडी घालून उशिरा परत निघालेली एक कासवीण वाळत घातलेल्या जाळ्यात शिरून अडकली होती. केवढी, तर तुमच्या गल्ल्याच्या टेबलाएवढी. रात्रभर खड्डा खणून दमलेली, दोन पावलं सरकायची आणि सुस्कारा टाकून थांबायची. मला तिचं सगळं पटत होतं.

"तुझ्या मामाच्या दुकानातलं आहे हे जाळं," रय्या म्हणाली.

मी संधी सोडली नाही. "आमच्या मामांचं जाळं तुटत नाही."

"तेच तर म्हणतेय. बघत काय उभा राहिलास, धर तिकडून."

मी धरलं, ती सुरीने जाळं कापू लागली, आणि मी तुमचे गुण सांगायला सुरुवात केली. माप चोख, नमाज वेळेवर, तंबाखू नाही, बायको गेल्यापासून घरात आवाज म्हणून नाही. तुम्ही मोठ्या रकमेचं जाळं विकताना वापरता तोच सूर लावला होता. तेवढ्यात कासविणीने पुढचा पाय मारला आणि ओली वाळू माझ्या डोळ्यांत, नाकात आणि उघड्या तोंडात गेली. मी थुंकत होतो.

"आणि?" रय्याने विचारलं. "अजून काय तुझ्या मामाचं?"

मामा, मी मनात घोकून ठेवलं होतं की काही झालं तरी एक गोष्ट हिला सांगायची नाही. दमलेल्या माणसाच्या तोंडून घोकलेलंच बाहेर येतं. मी म्हणालो, "आणि ते समुद्राला घाबरतात."

तिच्या हातातली सुरी थांबली. "कोण?"

"मामा."

"जाळी विकणारा?"

"विकायला पाण्यात उतरावं लागत नाही."

"अरे, पण दुकान बंदरावर आहे ना त्याचं? दोर घ्यायला मी आले होते तेव्हा तिथेच तर भांडलो आम्ही."

"समुद्राकडे पाठ करून बसतात. भिंतीकडे तोंड. तुम्ही भांडत होतात म्हणून लक्षात आलं नसेल."

तिने सुरी पुन्हा जाळ्याला लावली. मग खसाखस जाळं कापलं (ते खरंच तुटत नाही, सुरीही दोनदा घासून घ्यावी लागली), कासवीण सुटली, ओढत ओढत पाण्यापर्यंत गेली आणि मागे वळूनही न बघता आत शिरली. रय्या हात झटकत उभी राहिली. "माझा नवरा कशालाच घाबरत नव्हता," ती म्हणाली. आणि हसली. मग मला मासळीची पाटी दिली आणि म्हणाली, "हे घर सोडून मी मत्रहला यायची नाही, एवढं सांग त्याला. आणि बाकीचं विचारायचं तर ज्याला विचारायचंय त्याला पाय आहेत म्हणावं."

याचा अर्थ मी दोन दिवस कापूस ठोकता ठोकता लावला आहे, आणि तो एकच निघतो. असा वाघासारखा नवरा बघितलेली बाई, भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्याचं काय करणार? वर तिथून तुम्ही हलणार नाही, इथून ती हलणार नाही. त्यात काल हमदानने उस्तादकडे अख्खा बोकड पाठवला. तेव्हा मामा, मन घट्ट करा. मत्रहमध्येही चांगल्या बायका आहेत. आईला विचारा, तिच्याकडे नेहमी कोणीतरी असते.

सर्वांना यथायोग्य सांगावं. हात दुखतो म्हणून इथे थांबतो, एरवी अजून चार पानं होती.

तुमचा थकलेला भाचा,
सुलय्यम

ता. क. हे पत्र लिहिण्याचं खरं कारण वर राहून गेलं. उस्तादला एक चिठ्ठी पाठवा की सुलय्यमची आई अंथरुणाला खिळली आहे, त्याला ताबडतोब सोडा. तुमच्या शब्दाला इथे मान आहे. आईला मात्र कळू देऊ नका, नाहीतर ती खरीच इथे येईल.

ता. क. पाकिटाला लावायला गोंद नाही, मुशीचं तेल लावून बघितलं, चिकटत नाही. ट्रक सूरच्या बाजारातून सुटतो आणि रय्या आज तिकडे चालली आहे, तिच्याकडेच देतो. तिला वाचता येत नाही, तेव्हा काळजी नसावी.

ता. क. वाचता येतं. गेल्या वर्षीपासून बायकांच्या वर्गाला जाते. खलफान, तुमच्या बहिणीला आजारी पाडू नका. मुलगा गलबताच्या पोटात सावली बघून दुपारभर झोपतो, कापूस उशाला घेतो, त्याला काही झालेलं नाही. बोकड मुहन्नाने परत पाठवला, कारण त्याने मला विचारलं आणि मी नको म्हटलं. जाळं मी कापलं ते तुमच्या दुकानचं होतं, आणि न तुटणारं जाळं कापावं लागलं तर दुकानदाराने स्वतः येऊन बदलून द्यावं अशी आमच्याकडे रीत आहे. नसली तर आजपासून आहे. आम्हा दोघांपैकी कोणी कुठे राहायचं ते आल्यावर भांडू. नवऱ्याची वाट बघत मी एकदा किनाऱ्यावर उभी राहिले आहे, पुन्हा राहायची नाही. घाबरणारा माणूस दिवेलागणीला घरात असतो.